काळ्या मातीवर कुत्र्यांचं केनेल: टिकेल आणि झटकन धुतलं जाईल असं कसं बांधायचं?

रावेरहून बोलतोय. आजचा विषय बऱ्याच जणांनी मेसेज करून मागितला होता: घरामागे किंवा मळ्यात कुत्र्यांसाठी पक्कं केनेल बांधायचं, तर कसं? एपिसोड गाडीवर ऐकला असेल तर मापं डोक्यात राहिली नसतील, म्हणून हे लेखी रूप. बोलताना येणारे ‘म्हणजे’ आणि ‘ॲक्च्युअली’ मी काढून टाकलेत, आकडे पुन्हा तपासलेत. मिस्तरीला दाखवायचं असेल तर सरळ स्क्रीनशॉट काढा.

आधी शब्दाचा घोळ मिटवू. कुत्र्याला झोपायला एक छोटी बंद खोली, आणि तिला जोडून जाळीने वेढलेली, पक्क्या फरशीची लांबट मोकळी जागा. या मोकळ्या जागेला बाहेरच्या व्हिडिओंमध्ये ‘केनेल रन’ म्हणतात. मी तिला ‘जाळीचं अंगण’ म्हणणार आहे. खोली कशीही जमते. घोळ होतो तो या अंगणात.

[०१:२०] पहिलं केनेल आणि चिंगी

मी बीटेक झालेला, रोज कोड लिहिणारा माणूस. २०२२ च्या फेब्रुवारीत केनेल बांधायचं ठरलं तेव्हा मला वाटलं, यात काय अवघड आहे? आठवडाभर यूट्यूबवर परदेशी व्हिडिओ पाहिले, मोबाइलवर ड्रॉइंग काढलं, मिस्तरीला दिलं. मळ्यातली जागा साफ केली, थोडे दगड पसरले, वर काँक्रीट ओतलं, त्यावर सिमेंट मारून घोटून घोटून आरसा केला. चारी बाजूंनी जाळी, वर पत्रा. फोटो एकदम भारी आले.

पप्पा एकदाच म्हणाले, “अरे, माती काढली का खालची?” मी म्हटलं, “पप्पा, चार इंच काँक्रीट आहे. काही होत नाही.”

मे महिन्यात फरशीला पहिली केसासारखी भेग गेली. पावसाळ्यानंतर ती नखाएवढी झाली. पुढच्या उन्हाळ्यापर्यंत अख्ख्या अंगणात नदीच्या नकाशासारखं जाळं झालं होतं. एका बाजूला फरशी दबली, तिथे धुतल्यावर पाणी साचायला लागलं. मी रोज फिनाइल टाकत होतो. वास छान यायचा, म्हणून मला वाटायचं की स्वच्छ आहे.

२०२३ च्या ऑगस्टमध्ये आमच्या चिंगीने खाणं सोडलं. दोन दिवस मी म्हणत राहिलो की पावसाळी हवा आहे, होईल बरी. तिसऱ्या दिवशी तिच्या नाकातून रक्त आलं. डॉक्टरांनी रक्त तपासलं: गोचीडताप, प्लेटलेट अगदी खाली. औषधं सुरू झाली, पण उशीर झाला होता. पाचव्या दिवशी ती गेली.

डॉक्टर मळ्यात आले होते. त्यांनी खिशातलं पेन काढून फरशीच्या एका भेगेत फिरवलं. पेनाच्या टोकाला गोचीड आले. ते एवढंच म्हणाले, “कुत्र्याला औषध देऊन काय होणार? रोग तर इथे राहतोय.”

हा एपिसोड त्या वाक्यावर आहे. केनेलची स्वच्छता धुताना ठरत नाही, बांधताना ठरते. भेग पडली की ती जागा झाडूने, पाण्याने, फिनाइलने, कशानेच साफ होत नाही.

[०४:१०] गोचीड राहतो कुठे?

आपल्याला वाटतं गोचीड कुत्र्याच्या अंगावर राहतो. खरं तर तो तिथे फक्त जेवायला येतो. कुत्र्यांवरचा तपकिरी गोचीड आयुष्यात तीन वेळा रक्त पितो, आणि प्रत्येक वेळी पोट भरलं की अंगावरून खाली उतरतो. कात टाकायला आणि अंडी घालायला त्याला कोरडी, उबदार फट लागते. एक मादी काही हजार अंडी घालते. पिल्लं भिंतीवर वर चढतात, म्हणून छपराच्या सांध्यातही गोचीड सापडतात. काही न खाता मोठा गोचीड महिनोन्‌महिने जगतो. म्हणजे कुत्र्याला तुम्ही गोळी दिली, आज अंग स्वच्छ झालं, तरी फटीत पुढची फौज वाट बघत बसलेली असते.

दुसरा शत्रू पार्व्हो. पिल्लांना रक्ताचे जुलाब होतात तो. याचा विषाणू शी वाटे बाहेर पडतो आणि सावलीच्या, घाण अडकलेल्या जागेत कित्येक महिने तग धरतो. साध्या फिनाइलला तो दाद देत नाही. तिसरा शत्रू हुकवर्म, म्हणजे आकडेकृमी. ओल्या मातीत त्याच्या अळ्या वाढतात आणि माणसाच्या अनवाणी पायाच्या कातडीतूनही आत शिरतात. मळ्यात आपण सगळेच अनवाणी फिरतो, त्यामुळे हा प्रश्न फक्त कुत्र्याचा नाही.

तिघांचाही इलाज एकच आहे: फट नको, ओल नको, घाण अडकायला कोपरा नको. आता बांधायला घेऊ.

[०६:०५] जमीन: इथेच सगळा पैसा लावा

तापीकाठच्या आपल्या काळ्या मातीने कापूस दिला, केळी दिली. पण बांधकामासाठी ही माती वैरीण आहे. तिच्यातली चिकणमाती पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. एप्रिल-मेमध्ये पडीक रानात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, त्या सगळ्यांनी पाहिल्यात. त्या मातीवर ठेवलेली चार इंचाची फरशी दरवर्षी खालून वर ढकलली जाते आणि मग खाली सोडली जाते. ती फुटणारच. माझ्या व्हिडिओतल्या माणसाची जमीन वेगळी होती. ड्रॉइंग त्याचं होतं, माती माझी होती.

२०२४ च्या जानेवारीत जुनं सगळं फोडलं आणि पुन्हा बांधलं. या वेळी काय केलं ते क्रमाने:

१. जागा २ फूट खोल खोदली, आणि चारी बाजूंनी फरशीपेक्षा २ फूट जास्त रुंद. काळी माती उचलून बांधावर टाकली.

२. मुरूम भरला, पण एकदम नाही. ६ इंचांचा थर, त्यावर पाणी, मग धुम्मस. पुन्हा थर. खड्डा २ फुटांचा होता, भराव अडीच फुटांचा केला, म्हणजे फरशी आजूबाजूच्या जमिनीपेक्षा उंच राहते.

३. त्यावर दगडांचं सोलिंग. मधल्या फटी मुरमाने बुजवल्या.

४. फरशीच्या बाहेर चारी बाजूंनी २ फुटांची मुरमाची पट्टी ठेवली, बाहेर उतार देऊन. पावसाचं पाणी कडेने आत मुरलं तर खालची माती पुन्हा फुगणार.

आणि एक आपल्या भागाची खास चूक सांगतो, कारण ती मीच केली होती: ठिबकची नळी फरशीच्या अगदी कडेने नेऊ नका. एका बाजूची माती सतत ओली आणि दुसरी कोरडी राहिली की फरशी तिरपी दबते. माझी पहिली फरशी बरोबर त्याच बाजूला दबली होती.

जमीन मुळातच मुरमाड असेल, सातपुड्याच्या पायथ्याकडे बऱ्याच ठिकाणी असते, तर एवढी खोदाई लागत नाही. वरची सैल माती काढून चोपलं की झालं. आधी एक फूटभर खड्डा खणून बघा, मग ठरवा.

[०९:००] फरशी: एका अंगणात एकही सांधा नको

काँक्रीट सुकताना थोडं आकसतंच. मोठ्या फरशीला कुठेतरी चीर जाणार हे नक्की असतं. आपल्या हातात एवढंच आहे की ती कुठे जावी. म्हणून एका कुत्र्याचं अंगण मी ५ फूट रुंद आणि १० फूट लांब ठेवलं. ४ इंच जाडीच्या काँक्रीटचा एवढा तुकडा सलग राहू शकतो. दोन अंगणांची फरशी वेगवेगळी ओतली आणि मधला सांधा बरोबर दोघांमधल्या भिंतीच्या खाली घेतला. त्यामुळे कुत्र्याच्या पायाखाली सांधाच नाही.

मिश्रण १ : १.५ : ३, म्हणजे सिमेंट, वाळू, खडी. एका अंगणाला चारला थोडं कमी पोती सिमेंट, साधारण ७ घनफूट वाळू आणि १४ घनफूट खडी लागते. मध्ये वेल्डमेशची जाळी टाका. ती जमिनीवर पडून राहिली तर काही उपयोग नाही, खाली खडे ठेवून काँक्रीटच्या मधोमध यायला हवी. पाणी कमी वापरा. मिश्रण पातळ केलं की मिस्तरीचं काम सोपं होतं, पण फरशी कच्ची राहते.

आता तीन गोष्टी, ज्यांवर मिस्तरीशी वाद होणार. तयारीत राहा.

पहिली, उतार. दर फुटाला पाव इंच, म्हणजे १० फुटांत अडीच इंच. खोलीकडून बाहेरच्या नालीकडे, एकाच दिशेने. “भाऊ, एवढा उतार दिसायला खराब दिसतो,” असं मला ऐकवलं गेलं. मी म्हटलं, “मामा, दिसू दे.” पाण्याची नळी लावून दोन्ही टोकं मोजा, डोळ्याच्या अंदाजावर सोडू नका.

दुसरी, घोटाई. वर कोरडं सिमेंट मारून आरशासारखी फरशी करू नका. तो वरचा पातळ थर लवकर केसाळ भेगा धरतो, आणि ओला झाला की कुत्र्याचे पाय घसरतात. फरशी रंध्याने सपाट करा आणि थोडी ओली असतानाच मऊ झाडू उताराच्या दिशेने एकदा फिरवा. पंजाला पकड मिळते आणि पाणी रेघेरेघेने खाली जातं.

तिसरी, पाणी मारणं. भर उन्हात काँक्रीट ओतू नका. आम्ही संध्याकाळी ओतलं, रात्री वर ओलं गोणपाट टाकलं आणि १० दिवस ते सुकू दिलं नाही. आपल्याकडच्या कोरड्या वाऱ्यात पहिल्याच दुपारी फरशी भाजून निघते. शक्य असेल तर हे काम थंडीत करा.

फरशी आणि भिंत जिथे मिळतात तिथे काटकोन ठेवू नका. सिमेंटची गोलाई द्या, बशीच्या कडेसारखी. काटकोनात झाडू पोचत नाही, गोलाईत पोचतो. कोपऱ्यांतही तेच.

शहाबादी किंवा टाइल का नाही, असं विचाराल. दगड चांगलाच असतो, पण त्याच्या सांध्यात लघवी मुरते. ५० चौरस फुटांत कितीतरी फूट सांधे होतात, आणि प्रत्येक सांधा म्हणजे उद्याची फट. उघड्यावर एपॉक्सीचा रंगही नको. उन्हाने पिवळा पडतो, खालून ओल आली की पापुद्रे सुटतात.

टेस्टिंग सोपं आहे. फरशी पक्की झाली की एक बादली पाणी ओता. पाच मिनिटांनी कुठे पाणी साचलं असेल तर त्यात रुपयाचं नाणं ठेवा. नाणं बुडलं तर तिथे खळगा आहे. मिस्तरीचा हिशेब चुकता करायच्या आधी हे करा.

[१२:१०] नाली आणि खड्डा

नाली जाळीच्या बाहेर हवी, अंगणाच्या आत नको. उघडी हवी, झाकलेली नको. झाकलेल्या नालीत उंदीर येतात, आणि उंदरांच्या मुतातून लेप्टोस्पायरोसिस कुत्र्याला आणि आपल्यालाही होतो. आम्ही ६ इंची पाइप उभा चिरून त्याचा अर्धा भाग ओल्या काँक्रीटमध्ये दाबला आणि काँक्रीट धरल्यावर काढून घेतला. आयती गोल, गुळगुळीत नाली तयार झाली. पाइप आतच ठेवला असता तर पीव्हीसी सिमेंटला धरत नाही आणि त्याच्या कडेला पुन्हा फट पडली असती.

नालीच्या शेवटी छोटं चेंबर ठेवा, त्यात केस अडवायला जाळी. तिथून पाणी शोषखड्ड्यात. काळ्या मातीत शोषखड्डा लवकर तुंबतो, म्हणून मुरूम लागेपर्यंत खोल जावं लागतं. विहीर किंवा बोअर ५० फुटांच्या आत नको.

आणि शी? ती आधी कोरडीच उचलायची आणि झाकण असलेल्या वेगळ्या खड्ड्यात टाकायची. शेणखतात मिसळून केळीला घालू नका. गाईचं शेण आणि कुत्र्याची शी यांत फरक आहे. जंतांची अंडी मातीत फार काळ टिकतात आणि त्याच मातीत आपले लोक अनवाणी काम करतात.

[१३:४०] भिंत, जाळी, दार

जाळी थेट फरशीपासून सुरू करू नका. लघवीने लोखंड बुडापासून सडतं. आधी १ फूट उंच विटांची भिंत, आतून गुळगुळीत प्लॅस्टर, तिच्यावर फ्रेम. दोन अंगणांच्या मधली भिंत मात्र ४ फूट उंच ठेवा. दोन कुत्र्यांना दिवसभर जाळीतून एकमेकांचं तोंड दिसलं की भांडणं होतात, आणि एकाचं पाणी दुसऱ्याकडे उडतं.

जाळी वेल्डमेश, १० गेज किंवा त्याहून जाड. गेजचा आकडा जितका कमी तितकी तार जाड, हे दुकानात लक्षात ठेवा. १० गेज म्हणजे साधारण सव्वातीन मिलिमीटर. मोठ्या कुत्र्यांना २ इंची चौकोन चालतो, पिल्लं असतील तर १ इंची घ्या. चेनलिंक स्वस्त पडते, पण दमदार कुत्रं दातांनी ओढून ती सैल करतं. फ्रेमला जीआय पाइप वापरा. वेल्डिंग केलं तिथला जस्ताचा थर जळून जातो आणि गंज तिथूनच सुरू होतो, म्हणून प्रत्येक सांध्यावर जस्ताचा रंग मारा. साधा चंदेरी रंग नको.

उंची ६ फूट किंवा जास्त. कुत्र्याला एवढी लागत नाही, झाडणाऱ्याला लागते. वाकून झाडावं लागलं की चौथ्या दिवशी झाडणं बंद पडतं, हे मी स्वतःवरून सांगतो. दार आत उघडणारं ठेवा. कुत्र्याने धडक दिली तर ते आणखी घट्ट बसतं. कड्या दोन, एक वर आणि एक खाली.

[१५:२०] बिबट्या, ऊन आणि वादळ

मळ्यात केनेल असेल तर वरूनही जाळी हवी. सातपुडा, यावल अभयारण्य आपल्या शेजारी आहे, आणि केळीच्या बागेत बिबट्याला लपायला उत्तम जागा मिळते. नगर जिल्ह्यातल्या अकोले भागात विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी बिबट्याच्या खाण्याचा अभ्यास केला. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या निष्कर्षांनुसार तिथल्या बिबट्यांच्या आहारात वजनाच्या हिशेबाने ३९ टक्के वाटा पाळीव आणि गावातल्या कुत्र्यांचा होता. म्हणजे रात्री मळ्यात साखळीला बांधलेलं कुत्रं राखण करत नाही, ताट वाढून ठेवल्यासारखं असतं. पळताही येत नाही बिचाऱ्याला. रात्री त्याला वरून बंद जाळीत घ्या.

ऊन. जळगाव जिल्ह्यात मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास जातो हे काय सांगायचं भो. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. तो जीभ बाहेर काढून, धापा टाकून अंग थंड करतो. तापलेल्या पत्र्याखाली ती सोय पुरत नाही. आम्ही पत्रा ८ फुटांवर घेतला, बाहेरून पांढरा केला आणि त्याच्या फूटभर वर ७५ टक्क्यांचं शेडनेट ताणलं. नेट आणि पत्रा यांच्यामधून वारा वाहतो, म्हणून पत्रा थेट तापत नाही. रोपवाटिकावाल्यांकडे जुनं नेट मिळतं, तेही चालतं.

लांबी पूर्व-पश्चिम ठेवली, पश्चिमेची बाजू भिंतीने बंद केली. दुपारनंतरचं ऊन आणि पावसाचा मारा दोन्ही बहुतेक तिकडूनच येतात. उत्तर आणि पूर्व मोकळी. सकाळचं कोवळं ऊन आत येतं आणि धुतलेली फरशी सुकते. मे महिन्यात केळीच्या नर्सरीतला एक फॉगर लावला की कोरड्या हवेत चांगला गारवा येतो. पावसाळ्यात तो काढून ठेवा. दमट हवेत गारवा येत नाही, नुसती ओल वाढते.

मृगाच्या आधीचं वादळ आपल्याकडे उभ्या बागा झोपवतं. तेव्हा पत्रा नुसता तारेने बांधू नका. जे-बोल्टने आवळा, आणि खांब काँक्रीटच्या पायात दीड-दोन फूट गाडा.

झोपायला लाकडी फळ्या नकोत. फटी आणि ओल, दोन्ही घेऊन येतात. प्लॅस्टिक पट्टीने विणलेली बुटकी लोखंडी खाट ठेवा. बाहेर काढून धुता येते, उन्हात उलटी टाकता येते.

[१७:३०] रोजची साफसफाई: ३० लिटर पाणी, १० मिनिटं

हे माझ्या दोन अंगणांपैकी एकाचं माप आहे.

रोज: कुत्र्याला बाहेर काढा. शी कोरडीच सुपलीने उचला. आधी पाइप मारला तर घाण सगळीकडे पसरते आणि पाणी चौपट लागतं. मग वरून खाली पाणी ओतून खराटा मारा. शेवटी वायपरने सगळं पाणी नालीत. फरशी सुकली की कुत्रं आत.

आठवड्यातून एकदा: साबणाच्या पाण्याने घासा आणि धुवा. त्यानंतर ब्लीचिंग पावडर, १ लिटर पाण्याला ५ ग्रॅम. म्हणजे १५ लिटरच्या बादलीला ७५ ग्रॅम. पावडर ताजी हवी, उघडी पडलेली जुनी पुडी निकामी असते. १० मिनिटं फरशी ओली राहू द्या, मग भरपूर पाण्याने धुवा. पार्व्होवर हे चालतं, पण घाण आधी निघालेली असेल तरच. घाणीवर ओतलेलं ब्लीच घाणीशीच लढण्यात संपून जातं.

दोन धोके लक्षात ठेवा. ब्लीच आणि टॉयलेट धुण्याचं ॲसिड कधीच एकत्र करू नका, विषारी वायू तयार होतो. आणि लघवी धुतल्याशिवाय ब्लीच टाकू नका, तिच्यातल्या अमोनियाशी मिळून तोही त्रासदायक वायू करतो.

महिन्यातून एकदा: मोबाइलचा टॉर्च लावून फरशी, भिंत, छपराचे सांधे बघा. भेग दिसली की त्याच दिवशी खरवडून सिमेंटने बुजवा. ‘बघू नंतर’ म्हणू नका. मी म्हटलं होतं.

आणि हे सगळं करूनही गोचिडाचं औषध आणि लसी डॉक्टरांच्या सल्ल्याने वेळेवर द्याव्याच लागतात. नवं पिल्लू आणलं तर दोन आठवडे वेगळं ठेवा.

[१९:१०] शेवटचं: अंगण म्हणजे तुरुंग नाही

२०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयातल्या भटक्या कुत्र्यांच्या प्रकरणाने ‘शेल्टर’ हा शब्द सगळ्यांच्या तोंडी आला. ७ नोव्हेंबरच्या आदेशात शाळा, रुग्णालयं, बसस्थानकं, रेल्वेस्थानकं अशा ठिकाणची कुत्री उचलून शेल्टरमध्ये ठेवायला सांगितलं गेलं. त्यावर बाजूने आणि विरोधात खूप बोललं गेलं. मला मात्र प्रत्येक वेळी माझी ती भेगाळलेली फरशी आठवते. दोन कुत्र्यांच्या केनेलमध्ये एका भेगेने एवढं केलं. तशाच फरशीवर शंभर कुत्री ठेवली तर काय होईल? तुमच्या गावात असं काही बांधलं जात असेल, तर उतार किती आणि खाली मुरूम किती, एवढे दोन प्रश्न नक्की विचारा.

आपल्यासाठीही कायदा आहे. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्याच्या कलम ११ मध्ये तीन गोष्टी स्पष्ट आहेत: नीट हालचाल करता येणार नाही एवढ्या लहान पिंजऱ्यात प्राणी ठेवणं, त्याला फार आखूड किंवा फार जड साखळीने अवाजवी वेळ बांधून ठेवणं, आणि सतत बांधलेल्या किंवा कोंडलेल्या कुत्र्याला फिरवायला न नेणं, हे तिन्ही गुन्हे आहेत. तिसरी गोष्ट पुष्कळांना माहीतच नसते. केनेल कितीही चांगलं बांधलं तरी कुत्र्याला रोज बाहेर न्यावंच लागतं.

नव्या फरशीने आतापर्यंतचे उन्हाळे आणि पावसाळे काढले. दोन केसाळ रेघा गेल्या, दोन्ही बुजवल्या. गेल्या महिन्यात डॉक्टर भुऱ्याची लस द्यायला आले होते. त्यांनी परत ते पेन काढलं, फरशीवरून फिरवलं. कुठे घालायला जागा सापडली नाही, म्हणून खिशात ठेवून दिलं. पप्पा बाजूला उभे होते. त्यांनी माझ्याकडे बघितलं, बोलले काहीच नाहीत.

चिंगीला आम्ही मळ्याच्या बांधावर पुरलं. खोदलेली काळी माती तिथेच टाकली होती, आता त्यावर गवत आलंय.

तुमच्याकडे जमीन कशी आहे, काळी की मुरमाड, ते कळवा. फरशीचा फोटो पाठवलात तर उताराबद्दल मी नक्की उत्तर देईन. भेटू पुढच्या भागात. रामराम!